गोड्या पाण्याचा गंज

जुनी गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर दाबून बघतात, धुराचा रंग बघतात. मी गाडी चाटून बघितली. हिवाळ्यातल्या एका सकाळी आंबिवलीत, स्टेशनाच्या पलीकडच्या एका गोदामासमोर, मी एका जुन्या पिकअपखाली पाठीवर सरकत शिरलो, चासीवरचा गंज नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. गाडीचा मालक चहाचा ग्लास हातात धरून वाकून बघत होता. गिऱ्हाईक जरा सरकलेलं दिसतंय, असं त्याला नक्की वाटलं असणार.

सरकलेलं नव्हतं. आमच्या घराण्याचा जन्म खाडीकाठच्या मिठागरात गेला. माझे वडील चिमूटभर मीठ जिभेला लावून सांगायचे की हे पहिल्या उन्हातलं की उतरत्या उन्हातलं. फावडं, कडी, बिजागरी, काहीही गंजलं की ते आधी चाखायचे. "पावसानं लोखंड भिजतं, खाऱ्यानं मरतं," असं त्यांचं म्हणणं. खाऱ्या पाण्याचा गंज आतून पोखरतो, वरून लोखंड शाबूत दिसतं आणि एक दिवस हातात तुकडा येतो. ती जीभ मला वारशाने मिळाली, असं मी चारचौघांत सांगत आलो. जमीन बिल्डरकडे गेली, मिठागर मोडलं, पण जीभ राहिली. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच.

तर मी गंज चाखला. खारट लागला नाही. मागच्या चाकाजवळचा चाखला, दाराच्या बिजागरीचा चाखला. कुठेच खारट नाही. मी बाहेर आलो, पँट झटकली आणि मालकाला वकिलासारखं विचारलं, "खाडीचं पाणी लागलंय का कधी गाडीला?"

"खाडीचं?" तो म्हणाला. "देवाशपथ सांगतो दादा, खाडीच्या जवळपासही गेलेली नाही गाडी. सिमेंट, विटा, बस. एकदम ओके आहे."

माणूस खोटं बोलला नाही. मी विचारलं त्याचं त्याने खरं उत्तर दिलं. हे मला पुढे फार दिवस जाचत राहिलं.

गाडी मला होडी ओढायला हवी होती, आणि होडी बहिणीच्या दारापर्यंत न्यायला. हे नीट सांगायला हवं, नाहीतर ह्यात नुसती हौसच दिसेल.

कोलशेतला आमची जमीन गेली, तिच्यावर टॉवर आले, चाळीच्या खोल्यांचं भाडं सुरू झालं, तशी गावातल्या पुरुषांना एकेक हौस जडली. कोणी शर्यतीचे बैल पाळले. कोणी गळ्यात साखळ्या घातल्या. मी सोळा फुटी फायबरची होडी घेतली, मागे छोटं मशीन लावलं. रविवारी खाडीत जायचं, दोन चिंबोऱ्या धरायच्या आणि आठवडाभर त्यांच्याबद्दल बोलायचं. बायको म्हणायची, "बाजारातून आणली असती तर स्वस्तात पडली असती चिंबोरी." खरंच होतं ते.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी तिला बाय म्हणतो, ती मला दादा. तिचं लग्न ठरलं तेव्हा सासरचं घर आंबिवलीत, काळू नदीपासून दोनच गल्ल्या आत, हे बघून आई कुरकुरली होती. मी भर मांडवात म्हटलं, "भितेस कशाला? पाणी आलं की एक फोन कर, होडी घेऊन येतो." सगळा मांडव हसला. तेव्हा घरात वडिलांची लाकडी होडी होती आणि मी पंचवीस वर्षांचा होतो. बढाई मारायला काय जातं?

तीन पावसाळ्यांपूर्वी तिचा फोन आला. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. "दादा, पाणी उंबऱ्याला लागलंय. होडी घेऊन येतोस?" ती चेष्टा करत नव्हती. नवरा रात्रपाळीला जाऊन तिकडेच अडकलेला, घरात ती आणि सासू. सासूचे दोन्ही गुडघे गेलेले; भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची तेवढंच.

"निघालोच," मी म्हटलं आणि खरंच छत्री घेऊन धावलो. पण सोळा फुटी होडी काय खिशात घालून नेणार? पाण्यातून जावं तर उल्हास नदी उलटी अंगावर येत होती, माझं मशीन तिच्यापुढे खेळणं. टेम्पोत टाकून न्यावी तर आंबिवली पडली कल्याणच्या पुढे, आणि कल्याणचं नाव ऐकताच टेम्पोवाले हात जोडत होते. चार जणांना विचारलं. पाचवा तयार झाला, होडी चढवायला गड्यांसकट काठावर आला, तेवढ्यात त्याच्या मालकाचा फोन आला आणि तोही गेला. होडी काठावर तशीच पडली. ती ओढायला माझ्याकडे काही नव्हतं.

आणि फोन येत होते. आमच्याकडे फोनवर कोणी घरी नसतंच. सगळे 'निघालेले' असतात, 'रस्त्यात' असतात, 'पाच मिनिटांत पोचतात'. आंघोळ करत असलेला माणूससुद्धा फोनवर स्टेशनाबाहेर उभा असतो. कोणी त्याला खोटं समजत नाही. अकरा वाजता तिने विचारलं, "कुठवर आलास?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माजिवड्याला आहे. ट्रॅफिक आहे जरा." मी कोलशेतच्या काठावर ताडपत्रीखाली उभा होतो. एवढ्यात टेम्पो मिळेल, मग माजिवडा काय लांब आहे, असा माझा हिशेब. बारा वाजता मी तिला भिवंडी बायपासवर असल्याचं सांगितलं. एक वाजता कल्याणच्या अलीकडे, कोन गावाला पोचलो. जागेवरून हललो नाही आणि अर्धा रस्ता कापला. दोननंतर तिचा फोन बंद झाला. त्यानंतर मी घरी गेलो आणि ओल्या कपड्यांनी तसाच ओट्यावर बसलो. बायको जेवायला वाढू का विचारत होती. मला तिच्याकडे बघवेना.

चारच्या सुमारास सरकारी बोट तिकडे गेली आणि दोघींना काढलं. बहीण वाचली. सासूच्या छातीत सर्दी उतरली, तापाने धरलं, आणि अठराव्या दिवशी म्हातारी गेली.

दशक्रियेला मी गेलो. बहिणीने मला काही विचारलं नाही. जेवणं झाली तेव्हा पहिलं पान मला वाढलं, माझ्या आवडीची वालाची भाजी जास्त घातली. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने जेवलो असतो. पुढे भाऊबीज आली, तिने ओवाळलं, मी ओवाळणी घातली. बोलणं सगळं हवापाण्याचं. एक गोष्ट मात्र बदलली होती. पूर्वी मी येणार म्हटलं की ती चार वेळा फोन करायची, कुठे आहेस म्हणून. आता करत नव्हती. मी पोचेन तेव्हा पोचेन.

ते मला सहन होईना. म्हणून गाडी. होडीला दोन चाकांची ट्रॉली करून घ्यायची, गाडीला मागे हूक लावायचा, आणि पुढच्या वेळी तिचा फोन आला की खरोखर माजिवड्याला असायचं. तिला आधी काही सांगायचं नाही, थेट होडीसकट दारात उभं राहायचं. त्यात मला मोठा आनंद वाटत होता. नवी गाडी घ्यायची ऐपत होती, पण वर्षातून एकदा होडी ओढायला नवी गाडी घेतली असती तर गावाने मला वेड्यात काढलं असतं. जुनीच बघितली. मोबाइलवर जाहिराती बघत बसायचो. शेवटी जी जमली ती नेमकी आंबिवलीत निघाली, बहिणीच्या घरापासून स्टेशनाच्या दुसऱ्या अंगाला. योग बघा, मी मनात म्हटलं.

गाडी दणकट होती. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. रंग नवा, निळा. केबिनच्या टपावर लोखंडी कॅरिअर होतं आणि त्याच्या पुढच्या दांडीला साडीच्या काठाची एक पट्टी गुंडाळून गाठ मारलेली होती. विटलेली, दगडासारखी घट्ट. मी ओढून बघितली, सुटली नाही. दृष्ट लागू नये म्हणून कोणी बांधली असेल, असं वाटून मी तिला हात लावला नाही. ज्याची त्याची श्रद्धा.

गाडी कोलशेतला आणली, नारळ फोडला, शेजारपाजार जमला. मी गंज चाखल्याची गोष्ट रंगवून सांगितली. "खाऱ्याची गाडी असती तर पहिल्या बोटालाच कळलं असतं," मी म्हणालो आणि लोकांनी माना डोलावल्या.

हूक लावायला गाडी माजिवड्याच्या एका मेकॅनिककडे नेली. तरणा पोरगा, कामाचा वाघ. ट्रॉलीच्या दिव्यांची वायर पुढे न्यायची म्हणून त्याने सीट काढली, पायाखालचं रबर उचललं, मग स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. तिथे तो थांबला. बोट आत घालून बाहेर काढलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटावर पिठासारखी मऊ, पिवळट माती होती.

"काका, ही गाडी बुडलेली आहे."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "मी स्वतः गंज चाखलाय. खारट नाही."

तो हसायला लागला. बिचाऱ्याला आवरेना. "अहो काका, नदी कुठे खारट असते? हा गाळ बघा ना. पार स्टिअरिंगपर्यंत पाणी होतं हिच्यात. कोणीतरी धुऊन, वायरी जोडून, रंग मारून चालू केलीय."

मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसलो. सात पिढ्यांची जीभ माझी, आणि तिला एकच पाणी ठाऊक. आमच्या खाडीकाठच्या माणसाला पाणी म्हटलं की खारंच आठवतं. गोडं पाणी प्यायचं असतं. ते लोखंड खातं, वायरी कुजवतं, माणूस मारतं, हे डोक्यातच येत नाही. ज्या नदीने बहिणीचं घर बुडवलं तिच्या काठावर जाऊन मी खाडीची चौकशी करून आलो होतो.

"परत करा त्याला," मेकॅनिक म्हणाला. पण परत कुठल्या तोंडाने करणार? नारळ फुटला होता, गोष्ट सांगून झाली होती. "जेवढं होईल तेवढं नीट कर," मी म्हटलं. त्याने बऱ्याच वायरी बदलल्या, हूक लावला आणि गाडी देताना सांगितलं, "उन्हाळ्यात पळेल मस्त. पावसाचं मी सांगू शकत नाही." मला ती पावसातच हवी होती. हे त्याला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मी होडी ट्रॉलीवर चढवली आणि आंबिवलीला गेलो. दुर्गाडीच्या पुलावरून होडी ओढत जाताना लोक वळून बघत होते. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. बहिणीच्या गल्लीत ट्रॉली जेमतेम शिरली. मी हॉर्न दिला.

ती हात पुसत बाहेर आली. होडीकडे तिने बघितलंच नाही. ती गाडीकडे बघत राहिली. मग पुढे आली, पाय चाकावर ठेवून वर चढली आणि टपावरच्या त्या साडीच्या पट्टीवर हात ठेवला.

"ही कुठून आणलीस?"

मी सांगितलं. गोदामवाल्याचं नावगाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "कोपऱ्यावर उभी असायची ती. तेव्हा पांढरी होती."

मग तिने सगळं सांगितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी पाणी कमरेला लागलं तेव्हा शेजाऱ्यांनी म्हातारीला उचलून ह्याच गाडीच्या टपावर बसवलं होतं. बहीण तिच्या मागे बसली. म्हातारी सारखी घसरत होती म्हणून हिने अंगावरच्या साडीचा काठ फाडला आणि तिला ह्या दांडीला बांधलं. पाणी आधी चाकांवर, मग बॉनेटवर, मग काचेला लागलं. वरून पाऊस चालूच.

"बाराच्या सुमाराला गल्लीतली पोरं ट्रकची ट्यूब घेऊन आली," ती म्हणाली. "दोरी लावून एकेकाला शाळेत नेत होती. पोरं मना म्हणाली, आजीला बांधून नेतो, चला. मी नाय म्हटलं. म्हातारी ट्यूबवर भेदरंल, माझा भाव होडी घेऊन येतंय, भिवंडी बायपासला आलाय. पोरं गेली. मंग दोर तुटली, ती परत आलीच नाय."

मी गाडीच्या दाराला धरून उभा होतो. चार तास. माझ्या एका 'बायपासला आहे'वर ती चार तास पावसात म्हातारीला धरून बसली होती. होडी पोचली नाही ह्याचं दुःख मी तीन वर्षं उराशी धरून बसलो होतो, आणि होडी हा मुद्दाच नव्हता. होडी नसलेल्या गल्लीतली बाकी सगळी माणसं दुपारी एकपर्यंत शाळेत कोरडी झाली होती.

"बाय, मी त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "कोनला असतास तर गाड्यांचा आवाज आला असता. तुज्या फोनात नुसता पाऊस ऐकू येत होता. तवा नाय कळलं, मागून कळलं." ती चाकावरून खाली उतरली. "होडी चांगली हाय दादा. पन मना एक कबूल कर. येत नसशील तर येत नाय म्हन. मंग आमी आमचं बघू."

मी मान हलवली. तिने चहा केला, आम्ही प्यायलो. निघताना ती पट्टी सोडू का म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, राहू दे.

ह्या जुलैत तीन दिवस धार लागली. चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्या फोनची वाट न बघता गाडीला ट्रॉली जोडली, होडी बांधली, तेलाची टाकी भरलेलीच होती. चावी फिरवली. दिवे मंद पेटले आणि विझले. पुन्हा फिरवली. टक, टक, टक. बॉनेट उघडलं, फडक्याने वायरी पुसल्या, तोंडाने फुंकर मारली. मेकॅनिकला फोन लावला. त्याच्या दुकानात पाणी शिरलं होतं. बायको ओट्यावर छत्री धरून उभी होती. मी पंधरा-वीस वेळा चावी फिरवली असेल. गोड्या पाण्याने जे करायचं ते तीन वर्षं सावकाश करून ठेवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. बहीण.

"दादा, पाणी गल्लीच्या तोंडाशी आलंय. कुठं हाईस?"

जिभेवर माजिवडा तयारच होता. अजून एकदा चावी फिरवली तर गाडी सुरू होईल, मग माजिवडा काय लांब आहे. एवढा सोपा शब्द. मी काचेतून समोर बघितलं तर पट्टीचं एक टोक टपावरून खाली लोंबत होतं, त्यावरून पाणी गळत होतं.

"घरी आहे," मी म्हटलं. "गाडी चालू होत नाही. मी येत नाय, बाय."

मग ती म्हणाली, "बरं." फोन तोंडापासून दूर नेऊन तिने घरातल्यांना हाक मारलेली मला स्पष्ट ऐकू आली. "चला, उचला सगळं. शाळेत जायाचं. दादा येत नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती. दुपारी पाणी तिच्या खिडकीपर्यंत चढलं तेव्हा घरात कोणी नव्हतं, हे मला संध्याकाळी कळलं. तोवर मी ट्रॉलीवरून होडी सोडली नव्हती.